शिक्क्याखालचा नंबर

जुना कुकर शिट्टी व्हायच्या आधीच कडेने फुसफुसायला लागला. गास्केट बदललं, पण झाकणच वाकलं होतं, मग गास्केट तरी काय करणार! नवा पाच लिटरचा आणायचा ठरला. एवढ्याशा कामाला तीन खेपा होतील असं काही वाटलं नव्हतं.

पहिल्या दुकानात खोक्यावर ठसठशीत आयएसआय मार्क होता. मी पर्स उघडली, तेवढ्यात बरोबर आलेला भाचा म्हणाला, "मावशी, याच्याखाली नंबर कुठाय?" मार्काच्या डोक्यावर मानकाचा क्रमांक हवा, घरगुती प्रेशर कुकरसाठी आयएस २३४७. आणि पायाशी सीएम/एल असं लिहून पुढे कारखान्याचा परवाना क्रमांक. इथे वर-खाली दोन्हीकडे कोरं. दुकानदार वैतागला. "ताई, मार्क दिसतोय ना? नंबर काय चाटायचाय?"

खरं सांगायचं तर इतकी वर्षं मीही फक्त मार्कच बघत आले. लहानपणापासून पाहिलेलं चिन्ह, त्यामुळे डोळे मिटून विश्वास. पण छापखान्यात कुठलंही चित्र छापता येतं. नंबर मात्र कुणाच्या तरी नावावर असतो.

दुसऱ्या दुकानात नंबर होता. कुकरच्या बुडाशी, इतका पुसट की मोबाईलचा टॉर्च तिरका धरल्याशिवाय आकडे उमटेनात. तीनाचा आठ वाचला आणि भलतीच माहिती आली, असंही एकदा झालं. हा मार्क वापरायचा परवाना देणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोचं (बीआयएस) 'बीआयएस केअर' हे ॲप आहे. त्यात परवाना तपासायच्या जागी हे आकडे टाकले की उत्पादकाचं नाव-पत्ता, परवान्याची मुदत, त्यात बसणारे प्रकार आणि ब्रँड दिसतात. नाव जुळलं, ब्रँड जुळला. मुदत मात्र संपलेली.

इथे मी घाई करणार होते. भाच्याने थांबवलं. मुदत संपली म्हणून माल खोटा ठरत नाही. परवाना चालू असताना बनलेला आणि नंतर दुकानात पडून राहिलेला असू शकतो. म्हणून खोक्यावरचा उत्पादनाचा महिना शोधला. तो मुदत संपल्यानंतरचा निघाला. दुकानदाराला दाखवलं, तर हा बिचारा खरोखरच चकित झाला. त्याला दोष द्यावासा वाटला नाही. त्याच्याकडेही माल खोक्यातूनच येतो.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "कुकर आणायला गेली होतीस की पंचनामा करायला?" पण १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला हा मार्क सक्तीचा आहे, असं सांगितल्यावर त्यांनीच चष्मा लावून जुन्या कुकरचं बूड तपासलं. तळ इतका घासला गेला होता की तिथे काहीच उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी काम पाच मिनिटांत झालं. नंबर, नाव, ब्रँड, मुदत सगळं जुळलं. दुसऱ्या दुकानातल्या कुकरचे फोटो मी काढून ठेवले होते. ते जोडून त्याच ॲपमधून तक्रारही केली. मार्काखालचा आकडा, बुडाचा फोटो, उत्पादनाचा महिना, एवढं हाताशी असलं की तक्रार लिहायला वेळ लागत नाही.

मग खोडच लागली. भाच्याच्या चार्जरवर सीएम/एल सापडेना म्हणून मी नाक मुरडलं, तर तो हसला. इलेक्ट्रॉनिक वस्तूंची पद्धत वेगळी, तिथे 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तोही ॲपमध्ये तपासता येतो. फ्रिजवरचे तारे वेगळेच, ते वीज किती खातो ते सांगतात.

मला फसवलं ते एक्स्टेंशन बोर्डने. त्यावर मोठ्या अक्षरांत 'आयएसओ ९००१' होतं आणि मी ते आयएसआयचंच थोरलं भावंड समजून मिरवत होते. ते प्रमाणपत्र कंपनीच्या कामकाजाच्या पद्धतीला मिळतं. बोर्डाची वायर तापेल की नाही, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. बोर्डावर दुसरा कुठलाही क्रमांक नव्हता. इस्त्री त्यावरून काढली आणि बोर्ड माळ्यावर टाकला. फेकून द्यायचा जीव अजून होत नाही.