चाकणच्या जाममध्ये तापणारी पिकअप

नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून निघालो की राजगुरुनगरपर्यंत गाडीची काही तक्रार नसायची. साठ-पासष्टचा वेग, टेंपरेचरचा काटा मध्याच्या जरा खाली. चाकण आलं आणि पुढच्या कंटेनरचे ब्रेकलाइट लागले की दहा मिनिटांत तोच काटा वर सरकायला लागायचा. जाम सुटून मोशीच्या दिशेने दोन-तीन किलोमीटर पळाली की पुन्हा खाली. पुढे गुलटेकडीला मार्केट यार्डात पोचेपर्यंत प्रत्येक मोठ्या सिग्नलला तोच खेळ.

गाडी डिझेल पिकअप. एसी नाही, हीटरही नाही. त्यामुळे हीटर फुल करून थोडी उष्णता केबिनमध्ये ओढून घ्यायची युक्ती आपल्याला बाद. काटा लाल पट्टीकडे गेला की कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि थांबायचं. एकदा तळेगाव चौकाजवळ एक भला माणूस थंड पाण्याची बाटली घेऊन धावत आला. त्याला हात जोडून लांबच ठेवला. रेडिएटरची कॅप प्रेशर धरून असते, म्हणून आतलं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. कॅप उघडली की दाब सुटतो आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. शिवाय इंजिनच्या तापलेल्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, गार पाणी लागलं तर तडा जायची भीती.

सल्ले फुकट मिळतात आणि ड्रायव्हर मंडळींकडे तर भरपूर. निम्म्या लोकांचं एकच म्हणणं, ‘थर्मोस्टॅट काढून फेक.’ हा सल्ला मला कधीच पटला नाही. थर्मोस्टॅट ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. तो काढला की मोकळ्या रस्त्यावर इंजिन धड तापतच नाही, ॲव्हरेज पडतं. शिवाय काही इंजिनांत बायपासची वाट उघडी राहते आणि बरंचसं पाणी रेडिएटरला न शिवताच परत फिरतं. म्हणजे रोग राहिला बाजूला. एका गॅरेजवाल्याने गाडी न बघताच नवा रेडिएटर सांगितला. तिथून निघालो ते थेट आमच्याकडच्या जुन्या मिस्त्रीकडे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

अण्णांनी पान्ह्याला हात लावायच्या आधी विचारलं, “घाटात तापते का?”

“नाही. भरलेली असली तरी नाही.”

“मग रेडिएटर आतून जाम नाही. पंपही पाणी फिरवतोय. तिथं खोट असती तर चढाला आधी बोंबलली असती.”

तरी त्यांनी काही गृहीत धरलं नाही. रात्रभर गाडी उभी ठेवायला लावली आणि सकाळी थंड इंजिनवर कॅप उघडून चालू केली. हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचा सांधा बंद ठेवणारी पट्टी, गेलं असतं तर पाण्यात बुडबुडे येत राहिले असते. तसं काही दिसलं नाही. डिपस्टिकवरचं ऑइल काळंच होतं, दुधाळ नाही, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं नाही. गाडी गरम झाल्यावर रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, चटका देणारा आणि खालचा त्यापेक्षा बराच कोमट, म्हणजे थर्मोस्टॅट उघडतोय आणि रेडिएटरमधून पाणी फिरतंय. बेल्टही ताठ.

मग जुन्या वर्तमानपत्राचं एक पान घेतलं आणि समोरच्या जाळीवर धरून सोडलं. इंजिन तापलेलं, गाडी जागेवर उभी. फॅन धड ओढत असता तर कागद जाळीला चिकटून बसला असता. आमचा कागद क्षणभर टेकला आणि घसरत बंपरवर पडला. रेस वाढवून बघितली तरी तेच.

“आवाज ऐक,” अण्णा म्हणाले. तेव्हा लक्षात आलं. पूर्वी जाममध्ये गाडी तापली की पुढून घोंघावल्यासारखा आवाज यायचा. तो कधीपासून बंद झाला, कुणास ठाऊक.

या गाडीचा फॅन व्हिस्कस क्लचवर आहे. हबमध्ये सिलिकॉनचं तेल असतं आणि पुढच्या तोंडाला बायमेटलची, म्हणजे दोन धातूंच्या पट्टीची, गुंडाळी. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की गुंडाळी आतला वॉल्व्ह उघडते, तेल पसरतं आणि फॅन बेल्टच्या जोराने फिरायला लागतो. तेल गळून गेलं की हब फिरतो आणि फॅन नुसता रेंगाळतो. इंजिन बंद करून अण्णांनी पात्याला हात मारला तर गिरकीच घेतली त्याने. हबभोवती तेलात बसलेल्या धुळीचं बोटभर रुंद काळं कडं होतं. नखाने खरवडलं तर मेणासारखं निघालं. मोकळ्या रस्त्यावर समोरचा वारा हे सगळं झाकून घेत होता.

दुसरी गोष्ट फॅनच्या खाली मिळाली. काउलचा, म्हणजे फॅनभोवतीच्या आवरणाचा, खालचा अर्धा भागच नव्हता. गाडी मी सेकंडहँड घेतलेली, आधीच्या कुठल्या तरी कामात तो काढून तसाच राहिला असणार. काउल नसली की फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी इंजिनकडची गरम हवाच पुन्हा फिरवत बसतो. शिवाय रेडिएटरच्या फिन्समध्ये, म्हणजे पातळ पत्र्यांमध्ये, चिखल, किडे, क्रेटमधलं भुसकट. ते आम्ही साध्या पाइपने इंजिनकडून बाहेरच्या बाजूला धुतलं. प्रेशर वॉशरने फिन्स आडव्या होतात.

क्लच नवा टाकला. एक ओळखीचा म्हणत होता, ‘वेल्डिंग मारून डायरेक्ट कर, खर्च वाचेल.’ वाचतो खरा, पण मग फॅन चोवीस तास इंजिनच्या डोक्यावर. डिझेल जास्त, आवाज जास्त, बेल्टला आणि पंपाच्या बेअरिंगला ताण. काउलचा तुकडा भंगारवाल्याकडे जुळता मिळाला. बोअरचं पाणी काढून टाकलं, साध्या पाण्याने फ्लश केलं, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. कॅप उघडी ठेवून आतली हवा निघेपर्यंत चालू ठेवली.

पुढच्या फेरीला चाकणमध्ये नेहमीसारखाच जाम होता. काटा मध्याच्या किंचित वर गेला, पुढून घोंघाव सुरू झाला आणि काटा खाली आला. सोबतचा पोरगा दचकून म्हणाला, “मामा, आता काय वाजतंय?”

वरचा होज क्लॅम्पपाशी थोडा फुगलाय. अण्णांनी त्यावर खडूने खूण करून ठेवलीय, सीझन संपायच्या आत तो बदलायचाय.