कॅम्पर व्हॅनसाठी पुस्तकं: बर्डीपासून पवनारपर्यंत

नागपुरातून कॅम्पर व्हॅन (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) काढणार असाल तर वाचायचं सामान नागपुरातच भरून घ्या. पुढे पेंच, मेळघाट, ताडोबा, गडचिरोली, कुठेही वळलात तरी वह्या-पाठ्यपुस्तकांचं दुकान सापडेल. कथा-कादंबरी मिळेलच असं नाही.

नेहमीच्या कादंबरीएवढं, डेमी आकाराचं, 200 पानांचं, साध्या बांधणीचं पुस्तक साधारण पाव किलो भरतं. वीस पुस्तकं म्हणजे पाच किलो. गाडीला हे वजन काहीच नाही, पण जागा अडते आणि निम्मी पुस्तकं न उघडताच परत येतात. दोघांच्या दहा दिवसांना छापील सहा-सात पुरेत, बाकीची ई-रीडरवर.

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, जुन्या पुस्तकांत स्पर्धा परीक्षेचे आणि अभ्यासक्रमाचे गठ्ठेच जास्त दिसतात, ललित पुस्तकं उपसून काढावी लागतात. घेताना पानांचे आकडे तपासा. शिवलेलं पुस्तक बहुधा 16 पानांच्या फर्म्यांचं, म्हणजे घडी घालून शिवलेल्या जुड्यांचं असतं. दोरा सुटला की एकटं पान जात नाही, अख्खा फर्मा गळतो. 32 नंतर एकदम 49 आलं तर पुस्तक ठेवून द्या. शिवणीजवळ बारीक भुसा किंवा खरवडल्यासारखे डाग असले तर कसर लागलेली आहे. असं पुस्तक घ्यायचंच असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून घरच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या, म्हणजे दव पिशवीवर धरेल, कागदावर नाही. व्हॅनमधल्या छोट्या फ्रीजला बहुधा इतकी थंडी जमत नाही, तेव्हा हे निघण्याआधीच उरका. डांबर गोळ्या मात्र टाकू नका. त्याच बंद गाडीत रात्री झोपायचं असतं.

व्हॅनसाठी सर्वांत उत्तम वाचन म्हणजे जुने दिवाळी अंक, हे ठाम मत आहे. कथा, लेख, कविता, व्यंगचित्रं एकाच अंकात मिळतात, कुठूनही उघडता येतो, आणि चहा उकळेपर्यंत एक लेख होतो. दिवाळी सरली की रद्दीवाल्याकडे ते यायला लागतात. प्रवास दसऱ्याच्या सुमारास असेल तर दीक्षाभूमीला जाच. 1956 च्या धम्मदीक्षेची आठवण म्हणून दरवर्षी तिथे लाखो लोक जमतात आणि भोवतीच्या रस्त्यांवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. इतक्या कमी किमतीत इतकी वैचारिक पुस्तकं एकत्र मिळणं दुर्मीळच. व्हॅन दूर लावून पायी जा आणि पाठीवरची पिशवी रिकामी न्या.

आता ऊन. मे महिन्यात नागपूर 45 अंशांपलीकडे जातं, आणि उन्हात बंद उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. चिकट बांधणीतला गोंद उष्णतेने मऊ पडतो. तशा अवस्थेत पुस्तक उघडलं की पानं सुटी होतात. म्हणून पुस्तकं खिडकीशी नकोत. बिछान्याखाली, भाजीच्या क्रेटमध्ये आडवी रचा आणि वरून पट्टा ओढा, नाहीतर जोरात ब्रेक लागला की ती पुढे येतात. ई-रीडर डॅशबोर्डवर कधीच ठेवू नका. किंडल वापरायची मर्यादाच 35 अंशांची आहे, नुसतं ठेवायची 45.

ई-रीडरवर मराठी वाचताना खरी अडचण पीडीएफची येते. जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमधली पीडीएफ ई-बुकमध्ये बदलली की अक्षरांचा निव्वळ काला होतो. स्कॅन केलेलं पान सहा इंची पडद्यावर मुंगीएवढं दिसतं; समास कापा आणि पडदा आडवा करून वाचा. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, ई-साहित्य प्रतिष्ठानचीही. जंगलात रेंज जाते, तेव्हा घरीच सगळं उतरवून घ्या, एअरप्लेन मोड लावा आणि प्रत्येक पुस्तक एकदा उघडून बघा.

वर्ध्याकडे निघालात तर पिशवीत थोडी जागा राखा. धाम नदीकाठी पवनारच्या आश्रमात विनोबांची आणि सेवाग्रामला गांधीजींची पुस्तकं स्वस्तात मिळतात. त्यांतली बरीचशी खिशात मावणारी असतात, व्हॅनला अगदी सोयीची.

रात्रीच्या वाचनाला तीन वॅटचा पिवळसर एलईडी दिवा घ्या. चार तासांना 12 व्होल्टच्या बॅटरीतून एक अँपिअर-अवर (बॅटरीची साठवण मोजायचं एकक) जातो, आणि पांढऱ्या दिव्यापेक्षा पावसाळी किडेही कमी येतात.

वाचून झालेली पुस्तकं वाटेतल्या गावच्या वाचनालयाला देता येतात. दारात ठेवून निघू नका. ग्रंथपालांना आधी विचारा, कारण भेट आलेलं पुस्तकही दाखल नोंदवहीत चढवावं लागतं. छोटी वाचनालयं दिवसातून काही तासच उघडी असतात, म्हणून संध्याकाळी पोचायचं बघा. घरी न्यायला पुस्तक सभासदांनाच मिळतं, पण वर्तमानपत्रं आणि मासिकं तिथेच बसून चाळता येतात.