मरीन ड्राइव्ह ते हाजीअली: सपाट समजून निघू नका

"समुद्राकाठाने सरळ वरळीपर्यंत सपाट रस्ता आहे, बिनधास्त पळ," असं ऑफिसातल्या सहकाऱ्याने सांगितलं. मी कामासाठी पुण्याहून आठवडाभर मुंबईत आलो होतो. रविवारी पहाटे सव्वापाचला नरिमन पॉइंटहून निघालो, वरळीपर्यंत जाऊन परत यायचं ठरवून. रस्ता सपाट नाही आणि सलग समुद्राकाठाने तर मुळीच नाही.

चौपाटीपर्यंतचे साधारण तीन किलोमीटर उत्तम. विल्सन कॉलेजवरून बाबुलनाथकडे वळलं की समुद्र सुटतो आणि केम्प्स कॉर्नरनंतर पेडर रोडचा चढ लागतो. मुंबई मॅरेथॉन धावलेल्या कुणालाही विचारा, परतीच्या वाटेवरच्या या चढाचं नाव काढताच चेहरा बदलतो. चढाचं मला काही वाटलं नाही, वेताळ टेकडीची सवय आहे. जीव काढला तो फुटपाथने. दर सोसायटीच्या गेटपाशी तो खाली उतरतो, पुन्हा चढतो, मध्येच फरशी उखडलेली. लय म्हणून लागतच नाही. एका गेटसमोर गाड्या धुतल्याचं साबणाचं पाणी उतारावरून वाहत होतं. उजवा पाय सरकला, कठडा हाताला लागला म्हणून वाचलो, तळहात मात्र सोलून निघाला. तिथून पुढे रस्त्याच्या कडेने, समोरून येणाऱ्या बसच्या दिव्यांकडे डोळे लावून पळालो. लता मंगेशकरांचं घर, प्रभुकुंज, कधी मागे पडलं कळलंही नाही, याची चुटपुट अजून आहे. पेडर रोडवर रोजच्या सरावाला अजिबात जाऊ नका.

हाजीअलीला पोचलो तेव्हा वरळीचा उत्साह संपला होता. भुयारी मार्गाने पलीकडे कोस्टल रोडलगतच्या पदपथावर गेलो, तो ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झालाय. काय सांगू! रुंद, सरळ, गेट नाही, गाडी नाही, एका बाजूला नुसता समुद्र. प्रियदर्शिनी पार्कपर्यंत जाऊन परत आलो, पाच किलोमीटरच्या वर भरलं आणि पाय थकलेत हे विसरलो. मुंबईत एकच दिवस असेल तर थेट इथेच या. सावली मात्र अजिबात नाही. पाणी जवळ ठेवा आणि साडेसातच्या आत आटपा. पुण्याकडून येणाऱ्यांनी नेहमीचा पेस धरू नये. या दमट हवेत मी किलोमीटरमागे चाळीस सेकंद हळू होतो आणि तरी बनियन पिळून काढावं लागलं.

परतताना घामाने निथळणारा माणूस बघून पहिल्या टॅक्सीवाल्याने चर्चगेटचे चारशे सांगितले. दुसरा मीटरने आला, निम्म्याहूनही कमी झाले. मीटर टाकल्याशिवाय बसू नका.

सोमवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फेऱ्या मारल्या. ठीक. बुधवारी पुन्हा हाजीअलीलाच गेलो, या वेळी टॅक्सीने, पावणेसहाला.