पाणीच प्यायलेलं निघालं

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट निवडताना मी जरा आगाऊपणाच केला. नाशिकची आहेस तर वाइन घे की, असं जो तो सांगत होता. मी घेतलं रक्तातलं अल्कोहोल.

माणसाच्या रक्ताला हात लावायचा नाही, अशी सरांची अट. मग भद्रकालीतल्या खाटकाकडून बोकडाचं रक्त आणलं. बाटलीत आधीच पोटॅशियम ऑक्झलेट टाकलं होतं, रक्त गोठू नये म्हणून. आणि जंतूंना आवरायला सोडियम फ्लोराइड. (आईने ती बाटली फ्रिजमध्ये ठेवू दिली नाही. बरोबरच होतं तिचं.) त्यात मोजून इथेनॉल मिसळलं: १०० मिलीला ३० मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली, गाडी चालवणाऱ्यासाठीची मर्यादा तेवढीच आहे.

पद्धत स्वीडनच्या विडमार्कची, १९२२ सालची. रक्त थेट डायक्रोमेटमध्ये (अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण करणारं नारिंगी रसायन) ओतून चालत नाही, कारण रक्तातली प्रथिनंही डायक्रोमेट खातात. म्हणून १ मिली रक्त छोट्या कपात घालून तो कप फ्लास्कच्या बुचाला टांगायचा. खाली सल्फ्युरिक ॲसिडमधलं डायक्रोमेट. इन्क्युबेटरमध्ये रात्रभर ठेवलं की अल्कोहोल उडून खाली उतरतं आणि त्याचं ॲसिटिक ॲसिड होतं. उरलेल्या डायक्रोमेटमध्ये पोटॅशियम आयोडाइड टाकायचं आणि सुटलेलं आयोडीन थायोने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाने मोजायचं. अल्कोहोल जास्त तर उरलेलं डायक्रोमेट कमी, म्हणून थायोही कमी लागतं. पिवळसर झालं की स्टार्च टाकायचं, त्याने आयोडीन निळं दिसतं. शेवटी निळा रंग जातो, पण द्रावण पांढरं होत नाही, क्रोमियममुळे फिकट हिरवं राहतं. पहिल्यांदा मी ते पांढरं होईल म्हणून थायो सोडतच राहिले!

खरी गोची पुढे झाली. सवयीने ०.१ नॉर्मल (नॉर्मल म्हणजे तीव्रतेचं एकक) द्रावणं घेतली होती. ब्लँकला, म्हणजे अल्कोहोल नसलेल्या फ्लास्कला, थायो लागलं ५.० मिली. रक्ताचं एक रीडिंग ४.७, दुसरं ४.८. हिशेब केला तर पहिल्याने जवळपास ३५ मिलिग्रॅम, दुसऱ्याने २३. म्हणजे एकदा बोकड गुन्हेगार, एकदा निर्दोष, आणि मध्ये फरक ब्युरेटच्या (थायो मोजून सोडायच्या नळीच्या) एका रेघेचा. सरांनी वही बघितली आणि एवढंच म्हणाले, "दहापट पातळ कर."

०.०१ नॉर्मलला १ मिली थायो म्हणजे ०.११५ मिलिग्रॅम अल्कोहोल. आता ३० मिलिग्रॅमला ब्लँकपेक्षा फरक २.६ मिलीचा यायला हवा. जोरात कामाला लागले, आणि साध्या पाण्याच्या कपाने १.८ चा फरक दाखवला. १०० मिलीला २१ मिलिग्रॅम! दोन दिवस थायोवर संशय घेतला, नवं केलं, तरी तेच. मग आठवलं: कप लवकर वाळावेत म्हणून मीच ते स्पिरिटने खळबळत होते. अशा तपासणीसाठी रक्त काढताना कातडीला स्पिरिटचा बोळा लावत नाहीत, हे वाचलेलं होतं. तरी कपाच्या वेळी डोक्यात आलं नाही.

कप ओव्हनमध्ये वाळवले. पाणी शुद्धीवर आलं. रक्ताचे तीन फरक आले: २.५, २.६, २.६.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं, "यात मेथनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, असतं तर कळलं असतं?" नाही म्हटलं. डायक्रोमेटला कोण आलंय ते ओळखता येत नाही, म्हणून न्यायवैद्यक प्रयोगशाळा गॅस क्रोमॅटोग्राफी वापरतात, तिच्यात प्रत्येक पदार्थ वेगळा होऊन ओळखता येतो. त्यांनी मान हलवली, वहीची पानं उलटली आणि पाण्याच्या त्या २१ वर थांबले. ते पान मी फाडलं नव्हतं.