आयजीएफ-१ वाढलं म्हणून आतड्याची तपासणी : माझा अनुभव

अ‍ॅक्रोमेगॅलीचं (ग्रोथ हार्मोन जास्त झाल्याने हातपाय वाढत राहण्याच्या आजाराचं) निदान झालं तेव्हा डोक्याचा एमआरआय आणि नाकातून करायची शस्त्रक्रिया, एवढ्याची मनाची तयारी मी केली होती. पण एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनच्या डॉक्टर) मॅडमनी कागदावर शेवटी 'कोलोनोस्कोपी' लिहिलं आणि मी न् नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. गाठ डोक्यात, पोटाची तक्रार काहीच नाही, मग आतड्यात दुर्बीण कशासाठी? नंतर बऱ्याच जणांनी मला हेच विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली (ही गाठ कॅन्सरची नसते) की ग्रोथ हार्मोन प्रमाणाबाहेर तयार होतं. त्यामुळे यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं हार्मोन जास्त बनवतं आणि ऐन चाळिशीतही हात, पाय, जबडा, जीभ वाढत राहतात. हे इतकं सावकाश होतं की घरातल्यांना दिसतच नाही. माझ्या बाबतीत ते कासाराला दिसलं. भाचीच्या लग्नाच्या बांगड्या भरताना माझा पंजा दाबून दाबून तो थांबला. म्हणाला, "ताई, तुम्हाला दोन-चारची बांगडी व्हायची ना? आता दोन-आठ पण अडतेय." वजन तर वाढलेलं नव्हतं. जोडवी त्याआधीच सोनाराकडून कापून काढावी लागली होती. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी हे ऐकलं, लग्नातला जुना फोटो मागवून चेहऱ्याशी ताडून पाहिला आणि त्याच दिवशी रक्ततपासणी लिहून दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

ग्रोथ हार्मोन दिवसभर वरखाली होतं, त्यामुळे त्याच्या एकाच नमुन्यावरून काही ठरत नाही. आयजीएफ-१ बऱ्यापैकी स्थिर असतं, म्हणून आधी ते बघतात. तेही वयाप्रमाणे, कारण वय वाढेल तसं ते कमी व्हायला हवं. माझं वयाच्या मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तास ठरावीक वेळाने रक्त घेतलं. साखर प्यायल्यावर निरोगी माणसाचं ग्रोथ हार्मोन एकदम खाली जातं. माझं गेलं नाही.

आता आतड्याचं. आयजीएफ-१ पेशींना विभागायला लावतं आणि जुन्या पेशींना वेळेवर मरू देत नाही. आतड्याचं अस्तर तर दर काही दिवसांनी नवं होत असतं, म्हणजे तिथे पेशींची विभागणी सतत चालू. म्हणून अ‍ॅक्रोमेगॅलीच्या रुग्णांत मोठ्या आतड्यात पॉलिप, म्हणजे मांसाचे छोटे कोंब, जास्त आढळतात. हा आजार नसलेल्यांतही धागा सापडतो. अमेरिकेतल्या पुरुष डॉक्टरांवर केलेल्या १९९९ सालच्या एका अभ्यासात, ज्यांचं आयजीएफ-१ सर्वांत वरच्या गटात होतं त्यांच्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सर्वांत खालच्या गटाच्या साधारण अडीचपट दिसला होता.

हे ऐकून माझ्या एका मैत्रिणीने स्वतःचं आयजीएफ-१ तपासून घ्यायचं ठरवलं. मी तिला निक्षून नको म्हटलं. तो आकडा कॅन्सर आहे की नाही हे सांगत नाही, आणि तो नॉर्मल आला म्हणून आतडं निर्धोक ठरत नाही. तिच्या वडिलांना आतड्याचा कॅन्सर झाला होता. तिने आकड्यामागे न लागता थेट गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडे जावं, हे माझं ठाम मत आहे. ती गेलीसुद्धा.

खरी कसोटी पोट साफ करण्याची. अ‍ॅक्रोमेगॅलीत आतडं लांब आणि वेटोळं झालेलं असतं, त्यामुळे नेहमीचं औषध पुरत नाही. मला जास्तीचा डोस दिला होता. आधी काही दिवस पालेभाजी, बियांची फळं, कडधान्यं बंद. मऊ भात आणि गाळलेल्या वरणाचं पाणी. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधीच थांबवल्या होत्या, कारण त्यांनी आतडं काळं दिसतं. खारट-गोड पाण्याचे ग्लासावर ग्लास, अर्धे रात्री, अर्धे पहाटे. गार करून, मध्ये लिंबाची फोड चोखत घेतलं की उतरतं. शेवटी फिकट पिवळं, आरपार दिसणारं पाणी पडेपर्यंत थांबायचं नाही. दूरच्या कोपऱ्यातला छोटा पॉलिप मळात लपला, तर एवढा खटाटोप फुकट.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी घोरते हे आवर्जून सांगितलं. या आजारात जीभ नि घसा जाड झाल्याने झोपेत श्वास अडतो, ते त्यांना आधी कळायलाच हवं. तपासणी झाली ते मला कळलंही नाही.

दोन पॉलिप निघाले, तिथल्या तिथे काढले. बायोप्सीत 'ट्युब्युलर अडेनोमा, लो ग्रेड डिसप्लेसिया'. म्हणजे कॅन्सर नाही, पण ज्यातून कॅन्सर होऊ शकतो तो प्रकार. अशा पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात तो सापडला तर काढून टाकता येतो. मला त्रास सुरू होण्याची वाट बघितली असती तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

शस्त्रक्रियेनंतर आयजीएफ-१ उतरलं, पण अजून मर्यादेच्या थोडं वर आहे, म्हणून महिन्याला एक इंजेक्शन चालू आहे. अडेनोमा निघालेला आणि हार्मोन पूर्ण ताब्यात नाही, त्यामुळे पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी. दोन्ही गोष्टी ठीक असत्या तर हे अंतर आणखी वाढवता आलं असतं, असं मॅडम म्हणाल्या. हे निदान झालेल्या कुणाला ही तपासणी अजून सांगितलेली नसेल, तर पुढच्या भेटीत तुम्ही स्वतः विषय काढा.