आर्थिक मदत हवी असेल तर ती अर्जातच मागा

अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी अर्ज भरताना परदेशी मुलांची सगळ्यात महागडी चूक होते ती एका छोट्या प्रश्नापाशी. तुम्ही आर्थिक मदतीसाठी अर्ज करणार आहात का? ‘हो’ म्हटलं तर प्रवेशाची शक्यता कमी होईल, या धास्तीने अनेक जण ‘नाही’ निवडतात. आधी प्रवेश मिळू दे, पैशांचं मागाहून बघू, असा विचार त्यामागे असतो. पण पुष्कळ कॉलेजांचा नियम स्पष्ट आहे: परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नसेल, तर पुढे चारही वर्षं त्याला ती मागता येत नाही. स्टॅनफर्डसारखं गडगंज विद्यापीठही हा नियम पाळतं.

धास्ती खोटी आहे असं मात्र नाही. बहुसंख्य कॉलेजं परदेशी अर्जदारांच्या बाबतीत ‘नीड-अवेअर’ असतात, म्हणजे तुम्हाला किती पैसे लागणार हे प्रवेशाचा निर्णय घेतानाच बघतात. काही थोडी ‘नीड-ब्लाइंड’ आहेत. ती निर्णय घेताना पैशांकडे बघत नाहीत आणि निवड झालेल्यांची सिद्ध झालेली गरज, म्हणजे एकूण खर्चातून घर देऊ शकेल ती रक्कम वजा जाऊन उरते ती, पूर्ण भागवतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट ही त्यातली जुनी नावं. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन त्यांत आली, नंतर ब्राउन, नोत्र दाम, वॉशिंग्टन अँड ली. पण इथे प्रवेश मिळणंच इतकं अवघड आहे की फक्त याच नावांवर भिस्त ठेवू नये. नीड-अवेअर असूनही निवडलेल्यांची पूर्ण गरज भागवणारी छोटी लिबरल आर्ट्स (मुख्यतः पदवीचं, अनेक विषयांचं शिक्षण देणारी) कॉलेजं बरीच आहेत, आणि ज्या घराला खरोखर मदत लागणार आहे त्याने यादीचा मोठा भाग तिथून उचलावा असं माझं ठाम मत आहे. सरकारी, म्हणजे राज्य विद्यापीठांकडून गरजेवर आधारित मदतीची अपेक्षा ठेवू नका. तिथे मिळाली तर गुणवत्तेवरची मेरिट स्कॉलरशिप मिळते आणि ती बहुधा खर्चाचा काही भागच भरून काढते.

फॉर्मकडे वळू. ‘फाफ्सा’ हा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा मदतीचा अर्ज तिथले नागरिक आणि ठरावीक पात्र रहिवासी यांच्यासाठी असतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना केंद्राची ग्रँट (परत न करायची मदत) किंवा कर्ज मिळत नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका. तुम्हाला लागतं ते कॉलेज बोर्ड या अमेरिकी संस्थेचं ‘सीएसएस प्रोफाइल’, म्हणजे घरच्या उत्पन्नाची आणि मालमत्तेची माहिती देणारा मदतीचा ऑनलाइन अर्ज. ते दर वर्षी १ ऑक्टोबरला उघडतं. पहिल्या कॉलेजसाठी २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकासाठी १६ डॉलर शुल्क आहे, म्हणजे आठ कॉलेजांचे १३७ डॉलर होतात. ही रक्कम जड वाटत असेल तर मदत कार्यालयाला ईमेल करून शुल्कमाफीचा कोड मिळेल का ते विचारा. काही कॉलेजं देतात. काही ठिकाणी प्रोफाइलऐवजी ‘आयएसएफएए’ हा परदेशी विद्यार्थ्यांचा फुकट फॉर्म चालतो. कुठल्या कॉलेजला काय हवं आणि कोणत्या तारखेपर्यंत, याचा एक तक्ता सुरुवातीलाच करून ठेवा. मदतीच्या अर्जाची तारीख प्रवेशअर्जाच्या तारखेपेक्षा वेगळी असू शकते आणि नेमकी तीच निसटते.

प्रोफाइलमध्ये आकडे आपल्या देशाच्या चलनात भरायचे असतात. गोंधळ इथेच होतो. चलन डॉलर निवडलं आणि आकडे घरच्या चलनात टाकले, की मध्यमवर्गीय घर कागदोपत्री अतिश्रीमंत होतं. वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात महिन्याचा पगार भरला, की उलटा घोळ होतो आणि आकडे कागदपत्रांशी जुळत नाहीत. व्यवसाय किंवा शेती असेल तर उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे. खर्च वजा जाऊन उरतं ते उत्पन्न. राहत्या घराची किंमतही विचारतात. ती आजच्या बाजारभावाने आणि त्यावरचं थकलेलं कर्ज वेगळं दाखवून भरा. आईवडील विभक्त असतील तर बरीच कॉलेजं दोघांचीही माहिती मागतात. एकाशी संपर्कच उरला नसेल तर त्यातून सूट मागण्याचा अर्ज वेगळा असतो आणि त्याला त्रयस्थ, जाणत्या माणसाचं पत्र लागतं.

आईवडिलांनी वर्षाला नेमके किती देता येतील, या प्रश्नाला मोघम उत्तर देऊ नका. प्रवेशाच्या लोभाने हा आकडा फुगवणं घातक ठरतं, कारण तुम्ही स्वतःच कबूल केलेली रक्कम पुढची चार वर्षं भरायची असते. शून्यही लिहू नका, अगदी खरोखर शून्य असल्याशिवाय. मूल घरी असताना त्याच्या जेवणाखाण्यावर, कपड्यांवर, शाळेवर जे खर्च होतं तेवढं तरी घर देऊ शकेल, असं कार्यालय धरून चालतं. कमी भरत असाल तर कारण ‘विशेष परिस्थिती’च्या रकान्यात चार वाक्यांत सांगा: आजारपण, आजीआजोबांचा सांभाळ, हप्ते, आणि प्रत्येकाची रक्कम.

पुराव्यादाखल आयकर विवरणपत्र आणि मालकाने लेटरहेडवर दिलेला पगाराचा दाखला लागतो. विवरणपत्र भरलं जात नसेल तर तसं लेखी निवेदन द्या. कागद इंग्रजीत नसतील तर भाषांतर जोडा. कागदपत्रं बहुधा ‘आयडॉक’ या कॉलेज बोर्डाच्याच ऑनलाइन सेवेवर चढवायची असतात. धूसर फोटो, कापलेली पानं आणि चुकीच्या वर्षाचं विवरणपत्र यांमुळे फाइल ‘अपूर्ण’ राहते, म्हणून चढवून झाल्यावर पोर्टल बघत राहा.

आता कॉलेजांचे मदतीचे देकार (ऑफर) हातात आल्यावरचा हिशेब. स्कॉलरशिपचा आकडा बघून हुरळू नका. खिशातून जाणारा आकडा बघा. समजा, एका कॉलेजचा वर्षाचा एकूण खर्च ९२,००० डॉलर आहे आणि ते ४०,००० देतं. दुसऱ्याचा खर्च ४८,००० आहे आणि ते १५,००० देतं. पहिल्याची स्कॉलरशिप मोठी, पण तिथे वर्षाला ५२,००० भरावे लागतील, दुसरीकडे ३३,०००. शिवाय मेरिटची रक्कम बहुधा चार वर्षं तेवढीच राहते आणि खर्च वाढत जातो. पहिल्या कॉलेजने दर वर्षी ४ टक्के वाढ केली, तर चार वर्षांचे २,०८,००० नव्हे, सुमारे २,३०,७०० डॉलर भरावे लागतात. गरजेवरची मदत दर वर्षी नव्याने ठरते, म्हणून तिथे खर्च वाढला तर मदतही वाढू शकते. विमा, पुस्तकं आणि विमानभाडं एकूण खर्चात धरलंय का, तेही तपासा. कॅम्पसवरच्या कामाची कमाई देकारात दाखवली असेल तर ती बिलातून आपोआप वजा होत नाही; काम मिळवून, सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास करून, पगार हातात येईल तशी ती जमते.

पैसे कमी पडत असतील तर फेरविचाराची विनंती करा. नुसतं ‘आणखी द्या’ म्हणून उपयोग नाही. अर्जानंतर नोकरी गेली, चलन घसरलं, घरात कोणी आजारी पडलं, किंवा तशाच दर्जाच्या दुसऱ्या कॉलेजने जास्त दिलं, तर कागद जोडून एक पानी पत्र लिहा आणि नेमकी किती रक्कम कमी पडते ते लिहा. बहुतेक ठिकाणी होकार कळवण्याची तारीख १ मे असते, म्हणून एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात लिहा.

व्हिसासाठी कॉलेज जे आय-२० प्रमाणपत्र देतं, त्यासाठी मदत वजा जाऊन उरलेले पहिल्या वर्षाचे पैसे दाखवावे लागतात. ९२,०००पैकी ८०,००० कॉलेज देत असेल तर १२,०००चा पुरावा हवा.

एक खर्च जवळजवळ कोणीच धरत नाही: कर. ग्रँटचा जो भाग ट्यूशन, सक्तीचं शुल्क आणि अभ्यासक्रमाची सक्तीची पुस्तकं यांपलीकडे राहण्याजेवणासाठी जातो, तो करपात्र असतो आणि एफ-१ विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्यावर १४ टक्के कापले जातात. ग्रँट ८०,००० आणि ट्यूशन, शुल्क, पुस्तकं मिळून ६५,००० असेल, तर उरलेल्या १५,००० वर २,१०० डॉलर. हे विद्यार्थ्याच्या खात्यावर बिल म्हणून चढतात आणि ते बिल बघून घाबरगुंडी उडते. भारतीय विद्यार्थ्यांना अमेरिकेशी असलेल्या कर कराराच्या २१व्या कलमाखाली प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातली ठरावीक करमुक्त रक्कम) घेता येते. इतर बहुतेक देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना ती मिळत नाही. त्यामुळे भारतीय विद्यार्थ्याला कापलेल्या रकमेतला बराचसा भाग परत मिळू शकतो, पण त्यासाठी कॉलेजकडून ग्रँट आणि कापलेला कर दाखवणारा १०४२-एस हा फॉर्म घेऊन पुढच्या वर्षी १५ एप्रिलपर्यंत १०४०-एनआर हे अनिवासींचं कर विवरणपत्र भरावं लागतं. तोवरची सोय म्हणून पहिल्या सेमिस्टरच्या बजेटात हे पैसे वेगळे काढून ठेवा.