ग्रुप फुटला, आता नाव कुणाचं?

नाटकाचा ग्रुप फुटला तर त्याचं नाव कुणाकडे राहावं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसे तुम्ही एकटेच विचारणारे नाही. पुण्यातल्या एका हौशी नाट्यसंस्थेची चिटणिसी मी बरीच वर्षं केली, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचे जिने झिजवले, त्यामुळे कुठल्याही नाटकवाल्यांचं आपसात बिनसलं की फोन माझ्याकडे येतो. कोण कुणाला काय बोललं, तालमीला कोण उशिरा यायचं, बक्षिसाचे पैसे कुणी खर्च केले, हे सगळं आधी ऐकायचं. मग मुद्दा येतो, "ताई, ते जाऊ दे. नाव कुणाचं?"

माझं उत्तर ठरलेलं आहे: जे मागे राहिले त्यांचं. बाहेर पडणाऱ्यांनी नाव मागू नये. हे ऐकून पलीकडचा आवाज जरा थंडावतो, कारण फोन करणारा बहुतेक वेळा बाहेर पडणाऱ्यांपैकीच असतो. "पण ताई, नाव सुचवलं मी." "लोगो मी काढला." "पहिला करंडक आला तो माझ्या एकांकिकेला." हे सगळं खरं असतं. तरीही नाव मिळवायला यातलं काही पुरत नाही. लोगोचं तेवढं वेगळं आहे. ते चित्र आहे, आणि लेखी काही ठरलं नसेल तर चित्राचा कॉपीराइट चित्र काढणाऱ्याकडे राहू शकतो. नुसत्या नावाला कॉपीराइट नसतो. म्हणजे नाव त्यांच्याकडे आणि लोगो तुमच्याकडे, अशीही वाटणी होऊ शकते. एका ग्रुपात मी ती होताना पाहिली. पुढचं वर्षभर दोघांच्याही पोस्टरवर लोगोच्या जागी नुसता गोल होता.

तर, बाहेर पडणाऱ्यांनी नाव का सोडावं? पुण्यात नाटक करता ना, मग ‘घाशीराम’ची गोष्ट ठाऊक असायला हवी. नाटकाची नव्हे, नाटकामागची.

विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा झालं ते प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनच्या, म्हणजे पीडीएच्या नावावर. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची, आणि नाना फडणवीस मोहन आगाशे. नाटकात ब्राह्मणांची आणि नानांची बदनामी आहे म्हणून ओरड झाली, आणि एकोणीस प्रयोगांनंतर भालबा केळकरांच्या पीडीएने नाटक थांबवलं. आता दृश्य काय होतं पाहा. नाटक ज्यांच्या अंगात भिनलेलं, ती माणसं एका बाजूला आणि संस्थेचं नाव दुसऱ्या बाजूला. आजचे दिवस असते तर दुसऱ्या दिवशी ‘खरी पीडीए’ नावाचं पेज निघालं असतं. त्या मंडळींनी २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अकॅडमी काढली आणि ११ जानेवारी १९७४ रोजी तेच नाटक नव्या नावाखाली पुन्हा उभं केलं.

हे जमलं याचं एक कारण उदात्त नाही, साधं कायद्याचं आहे. संहितेचे हक्क लेखकाचे असतात, संगीताचे संगीतकाराचे. करार करून ते संस्थेला लिहून दिलेले नसतील, तर नाटक करणारी संस्था स्वतःची म्हणून फार थोडं बाळगत असते. तेंडुलकरांची परवानगी ज्याच्याकडे, प्रयोग त्याचा. म्हणजे बाहेर पडणाऱ्यांकडे लेखक होता, दिग्दर्शक होता, ‘घाशीराम’मध्ये नट रांगेत उभे राहून करतात ती माणसांची भिंत होती. मागे राहिलं नाव, आणि ते पीडीएचंच होतं. १९८० मध्ये नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघालं तेव्हा पुन्हा विरोध झाला, दौरा रोखायचे प्रयत्न झाले. पण ते बालंट आलं थिएटर अकॅडमीवर, कारण तोवर ‘घाशीराम’ म्हटलं की तेच नाव डोळ्यांपुढे यायचं. सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ १९७४ मध्ये त्याच नावाखाली आलं होतं. पीडीएही बुडाली नाही, नाटकं करत राहिली. एका भांडणातून दोन नावं उभी राहिली. दोघांनी एकाच नावासाठी कोर्टकचेऱ्या केल्या असत्या तर काय राहिलं असतं, ते तुम्हीच ठरवा.

परदेशातही बड्या बड्यांना हे सुचायला वेळ लागतो. पिंक फ्लॉइड हा इंग्लंडचा रॉक बँड सोडल्यावर त्यातला रॉजर वॉटर्स १९८६ मध्ये लंडनच्या कोर्टात गेला. म्हणणं असं, की मी नाही तर हे नावही कुणी वापरू नये. १९८७ मध्ये तडजोड झाली. नाव मागे राहिलेल्यांकडे, आणि ‘द वॉल’ हा बँडचा गाजलेला अल्बम मंचावर करायचे हक्क वॉटर्सकडे. बँडच्या कार्यक्रमांत हवेत तरंगणारं ते फुगवलेलं डुक्करसुद्धा त्याच्याकडे! इतक्या वकिलांनंतर निघालेला तोडगा पुण्यातल्या पोरांनी आधीच अमलात आणला होता.

आपल्याकडे ही रीत त्याहून जुनी आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ केलं, त्यातून किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली. पाच वर्षांत अण्णासाहेब गेले, पण मंडळी त्याच नावाने चालली. नाव एका माणसाचं, तो माणूस हयात नाही, आणि कंपनी चालवणारे त्याचे वारस नाहीत, नट आहेत. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे तिच्यातून बाहेर पडले. लोक ज्याच्यासाठी तिकीट काढत होते तो नटच निघाला, तरी ‘किर्लोस्कर’ हे नाव त्यांनी मागे सोडलं. नवी कंपनी काढली, गंधर्व नाटक मंडळी.

इथे मात्र मला एक खटकतं. भागीदार तीन आणि पाटीवर पदवी एकाची. लोकमान्यांनी नारायण राजहंसांना बालगंधर्व म्हटलं होतं, त्या पदवीवर कंपनीचं नाव पडलं. काही वर्षांत टेंबे निघाले, बोडस निघाले, आणि त्या नावावर हक्क सांगायची सोयच त्यांना नव्हती. ‘गंधर्व’ म्हणजे कोण हे प्रेक्षकांना विचारायची गरज नव्हती. पुढे कंपनी एकट्याची झाली तेव्हा कर्जाचा डोंगरही त्या एकट्याच्याच डोक्यावर आला, हा त्यातला दुसरा भाग. म्हणून ग्रुपचं नाव ठेवताना कुणी लाडाने एखाद्याच्या टोपणनावावरून सुचवलं की मी सांगते, थांबा. पाच वर्षांनी हा माणूस नकोसा झाला तर काय कराल?

याच्या उलट ललितकलादर्श. केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्ये ती काढली, पण नाव स्वतःचं दिलं नाही. १९२१ मध्ये ऐन उमेदीत केशवराव गेले. कंपनी बापूराव पेंढारकरांनी चालवली, पुढे भालचंद्र पेंढारकरांनी. या दोघांपैकी केशवरावांच्या रक्ताचं कुणी नव्हतं, पण नाव कुणाच्या घरचं नसल्यामुळे ते उचलायला अडचण आली नाही.

एवढं सगळं सांगितल्यावर एका मुलाने मला गप्प केलं होतं. त्याचं आजोळ नारायणगावकडचं. तो म्हणाला, "ताई, हे तुमच्या नाटकवाल्यांना ठीक आहे. फडवाल्यांनी नाव सोडलं तर खायचं काय?" त्याचं बरोबर होतं. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे लोक यात्रेची सुपारी ठरवायला येतात. प्रयोग पाहून कुणी ठरवत नाही, तेवढा वेळ कुणाला असतो? बोर्ड वाचून माणूस राहुटीत शिरतो, खुर्ची ओढतो, तारखेवरून आणि पैशांवरून घासाघीस करतो. म्हणजे बोर्डावरचं नाव हेच दुकान. म्हणून तिथली नावं इतकी लांब असतात: मंगला बनसोडे सह नितीनकुमार बनसोडे, रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर. त्या ‘सह’मध्ये सगळा व्यवहार मांडलेला असतो. जुनं नाव कुणाकडून आलं, आता फड कोण चालवतं, उद्या कोण चालवेल. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडातून विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर उभ्या राहिल्या, त्यांच्या मुलीने, मंगला बनसोडेंनी, पुढे आपल्या नावाने फड काढला. घराच्या वाटणीत भांडीकुंडी मोजतात, आडनाव कुणी कुणाकडून काढून घेत नाही, तसं आहे ते. कवलापूरच्या काळू-बाळूंचं तर आणखी पुढचं. ही त्या जुळ्या भावांची घरची नावंही नव्हती, वगातली होती. पात्रांची नावं फडाची झाली आणि घराण्यालाही चिकटली.

तेव्हा माझं उत्तर हौशी आणि प्रायोगिक ग्रुपांपुरतं आहे, ज्यांचं पोट त्या नावावर नाही. ज्यांचं आहे त्यांनी लेखी करून ठेवावं.

आता कागदांचं. तुमचा ग्रुप नोंदलेला असेल, म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सोबत सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, तर नाव संस्थेचं. तुमचं नाही, त्यांचंही नाही. मग प्रश्न एवढाच, की संस्था कोण? ज्यांची नावं परिशिष्ट एकच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या उताऱ्यावर आहेत ते. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, आणि तो कुणी देत नाही. दोन गट माझ्यासमोर बसून हमरीतुमरीवर आले होते. मी म्हटलं, आधी उतारा काढून आणा. आणला. त्यावर ना या गटातला कुणी, ना त्या. अध्यक्ष वारलेले, चिटणीस न्यू जर्सीला स्थायिक, आणि खजिनदार कोण हे कुणालाच आठवेना. कागदोपत्री ती संस्था अजून तेच तिघे चालवत होते. दोन्ही गट त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र हसले. मग मिळून न्यू जर्सीला फोन लावला.

नोंदणी नसेल आणि तुम्ही प्रयोगाचं मानधन वाटून घेत असाल, तर कायदा तुम्हाला भागीदार समजू शकतो. भागीदारी मोडली तर हिशेब मिटेपर्यंत एक भागीदार दुसऱ्याला ते नाव वापरण्यापासून रोखू शकतो, १९३२ च्या कायद्यात तशी सोय आहे. म्हणजे कुणालाच नाव मिळत नाही, आणि तोवर स्पर्धेची शेवटची तारीख निघून जाते.

ट्रेडमार्कचंही विचारतात. करमणुकीच्या सेवा एक्केचाळिसाव्या वर्गात येतात. एकट्या माणसाने ऑनलाइन अर्ज केला तर फी ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढे वाढवता येते. पण अर्ज ज्याच्या नावाने, मार्क त्याचा. "मी भरतो रे पैसे, नंतर बघू," असं म्हणून एकाने आपल्या नावावर अर्ज टाकला की बाकीच्यांनी कपाळाला हात लावायचा. आणि नोंदणी केली नाही म्हणून हक्क गेला असंही नाही. आधीपासून कोण वापरत आलं, कुणाच्या नावाने लोक ओळखतात, हे कोर्ट पाहतं. त्यासाठी जुनी पत्रकं, तिकिटांची पुस्तकं, थिएटरच्या भाड्याच्या पावत्या लागतात. त्या ठेवणारा माणूस ग्रुपात एखादाच असतो, आणि भांडणात तो हमखास कंटाळून तिसरीकडेच गेलेला असतो.

हल्ली खरं भांडण नावाचंही नसतं, पासवर्डचं असतं. यूट्यूब चॅनल कुणाच्या जीमेलवर काढलं? इन्स्टाचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? कायद्याने नाव कुणाचंही असो, वीस हजार फॉलोअर असलेलं पान ज्याच्या हातात, तो उद्या सकाळी पोस्टर टाकून मोकळा होतो. म्हणून ज्या ग्रुपांचं अजून छान चाललंय त्यांना मी एकच काम सांगते: ग्रुपच्या नावाचा वेगळा ईमेल काढा, तो दोघांच्या ताब्यात ठेवा, आणि प्रोसिडिंग बुकात ठराव लिहा, की जो बाहेर जाईल तो आपलं लेखन, संगीत, नेपथ्याचं डिझाइन घेऊन जाईल, नाव आणि पान इथेच राहील. अर्ध्या पानाचं काम आहे. चहा येईपर्यंत होतं.

फोन ठेवता ठेवता शेवटचा प्रश्न असतो, "मग ताई, नव्या ग्रुपच्या पोस्टरवर जुन्याचा उल्लेख तरी करू ना?" करा की. ‘पूर्वी अमुक संस्थेत काम केलेले कलाकार’ असं लिहा, खरं असेल तर त्यात गैर काही नाही. फक्त जुन्या नावाचा टाइप नव्या नावापेक्षा मोठा नको.